हिरवा कमरबंद काळा का दिसतो?

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, सैन्यातल्या डॉक्टरांच्या कमरेला हिरवा रेशमी कमरबंद असायचा. बाकीच्या बहुतेक अधिकाऱ्यांचा किरमिजी. धुमश्चक्रीत डॉक्टर हवा असेल तर हिरवा रंग शोधायचा, इतकं सोपं काम. आता त्याच डॉक्टरचा त्या काळातला फोटो बघा. कमरबंद काळाठिक्कर! शेजारच्या पायदळी कॅप्टनचा किरमिजी कमरबंदही तेवढाच काळा!

करामत रसायनांची. तेव्हा काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून, ती काच चांदीच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. या काचेला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा नीट कळायचा. हिरवा, पिवळा, लाल हे रंग तिच्या लेखी अंधारच. म्हणून निळं आकाश पांढरं यायचं, निळ्या डोळ्यांचा माणूस भुतासारखा फिक्कट नजरेचा दिसायचा आणि डॉक्टरांची सगळ्यांत ठळक खूण फोटोतून गायब व्हायची.

यादवी युद्धातल्या लष्करी डॉक्टरांचे, कंपाउंडरांचे आणि नर्सचे जुने फोटो जमवणाऱ्यांचा छंद इथूनच रंगतो. मोठी खूण पुसली गेली, म्हणून छोट्या खुणा वाचायला शिकायचं. आणि क्वचित एखाद्या फोटोग्राफरनं गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर कुंचल्यानं कमरबंदावर हिरवा रंग फिरवलेला असेल, तर तो तुकडा हातचा सोडायचा नाही!

खिशात मावणारा डॉक्टर

हे फोटो बहुतेक सगळे छोटे. सगळ्यांत लोकप्रिय प्रकार म्हणजे 'कार्त द व्हिझीत'. जाणकार त्याला नुसतं सीडीव्ही म्हणतात. पत्त्याच्या पानाहून जरासा लांब, साधारण अडीच इंच बाय चार इंचांचा पुठ्ठा आणि त्यावर चिकटवलेला कागदी फोटो. पॅरिसच्या दिस्देरीनं १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती भारी होती. एकाच काचेवर अनेक भिंगांनी आठ-आठ छबी घ्यायच्या, एकदाच कागदावर उतरवायच्या आणि कात्रीनं सुट्या करायच्या. फोटो एकदम स्वस्त झाला. कागदावर थर असायचा अंड्याच्या पांढऱ्याचा, म्हणून आज हे फोटो पिवळसर तपकिरी दिसतात.

युद्ध सुरू झालं आणि स्टुडिओंसमोर रांगा लागल्या. नवा कोरा गणवेश चढवायचा, डझनभर प्रती काढायच्या, आईला एक, बायकोला एक, रेजिमेंटमधल्या दोस्तांना उरलेल्या. डॉक्टरही त्याच रांगेत. काही जण लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप काढत, काही काचेवरचा अँब्रोटाइप. काच पेटीत जपावी लागे. पत्रा पाकिटात घालून घरी टपालानं जाई, फुटायची भीती नाही.

फोटो नीट बघितलात तर बुटांच्या मागे लोखंडी स्टँडचा पाय डोकावताना दिसेल. मान हलू नये म्हणून मागून आधार द्यायची ती सोय. काही सेकंद श्वास रोखून उभं राहायचं होतं ना!

बटणं मोजा

डॉक्टर ओळखायचा तर आधी बटणं. रेजिमेंटचा मुख्य सर्जन हुद्द्यानं मेजर, त्यामुळे कोटाला बटणांच्या दोन रांगा, प्रत्येकीत सात. असिस्टंट सर्जन लेफ्टनंट किंवा कॅप्टनच्या दर्जाचा, त्याच्या कोटाला एकच रांग, नऊ बटणांची. मग खांद्यावरची पट्टी. मेजर असेल तर दोन्ही टोकांना ओकचं पान. आणि नशीब जोरावर असेल तर मधोमध जुन्या वळणाची, नक्षीदार दोन अक्षरं : एम.एस., अर्थात मेडिकल स्टाफ. ही अक्षरं खांद्याच्या पट्टीवर सगळेच लावत नसत, म्हणून ती दिसली की संग्राहकाची कळी खुलते. भिंग घ्या, पट्टीवर धरा, दोन अक्षरं स्पष्ट दिसली की फोटोची किंमत तिथल्या तिथे वाढते.

तलवारही बोलते. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी १८४० सालच्या नमुन्याची वेगळी तलवार होती. सडपातळ, देखणी, लढाईसाठी नव्हेच. मुठीखालच्या छोट्या ढालीवर तीच एम.एस. अक्षरं. घोडदळाची जाडजूड तलवार धरलेला माणूस डॉक्टर असूही शकेल, कारण स्टुडिओत तलवारी उसन्या मिळत. ही बारीक तलवार मात्र स्टुडिओच्या कोपऱ्यात सहसा पडलेली नसे.

डॉक्टरांच्या खालोखाल हॉस्पिटल स्टुअर्ड. औषधं कुटणं, पुड्या बांधणं, दप्तर सांभाळणं, वेळ पडली तर दात उपटणं, हे सगळं त्याच्या गळ्यात. त्याच्या बाहीवर कोपराच्या वर हिरव्या कापडाची तिरकी पट्टी आणि तिच्यावर पिवळ्या रेशमानं भरलेला दोन इंचांचा दंड, दोन सापांचा विळखा असलेला. आता गंमत बघा. हिरवं कापड काळं येतं, पिवळं रेशीमही काळपट येतं. म्हणजे सरकारनं हौसेनं भरून घेतलेलं भरतकाम फोटोत जवळजवळ दिसतच नाही! प्रकाशात फोटो तिरका धरून, रेशमाची चमक पकडून हा माणूस शोधावा लागतो. मला विचाराल तर या छंदातली सगळ्यांत मजेची शिकार हीच. सर्जनच्या फोटोमागे सगळेच धावतात. पण रात्रभर जागून क्विनाइनच्या पुड्या बांधणारा विशीतला स्टुअर्ड हाती लागला, तर त्याचा आनंद वेगळा.

सगळ्यांत अवघड गडी म्हणजे कंत्राटी डॉक्टर. उत्तरेच्या सैन्यानं असे ५ हजारांहून अधिक डॉक्टर नेमले. त्यांना रीतसर अधिकारपत्र नव्हतं, त्यामुळे कित्येकांनी खांद्याच्या पट्ट्या नसलेला साधा कोट घातलेला दिसतो. मागे नाव लिहिलेलं नसेल तर तो डॉक्टर होता की रसद पुरवणारा व्यापारी, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

दक्षिणेच्या डॉक्टरांचा गणवेश करडा, कॉलर आणि बाह्यांची टोकं काळी. त्यांचे फोटो मुळातच कमी. उत्तरेनं बंदरांची नाकेबंदी केल्यावर फोटोची रसायनं आणि कागद दक्षिणेत महाग झाले, दुर्मीळ झाले.

एक खबरदारी घ्या. टिनटाइप आणि अँब्रोटाइप यांत छबी आरशातल्यासारखी उलटी असते. तलवार भलत्या बाजूला लटकते, पट्ट्यावरची अक्षरं उलटी दिसतात. त्यावरून फोटो बनावट ठरवू नका.

तिकीट सांगतं तारीख

सीडीव्ही उलटा करून पाहिला आणि मागे छोटं सरकारी तिकीट चिकटवलेलं दिसलं, तर तारखेचा प्रश्न जवळजवळ सुटलाच. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सरकारनं फोटोंवर कर बसवला. १ सप्टेंबर १८६४ ला सुरू झाला, १ ऑगस्ट १८६६ ला उठला. मध्ये पुरती दोन वर्षंही नाहीत. फोटोची किंमत पंचवीस सेंटपर्यंत असेल तर दोन सेंटचं तिकीट, पन्नासपर्यंत तीन सेंटचं. फोटोंसाठी खास तिकीट कधी छापलंच नाही, मग फोटोग्राफर हाताला येईल ते चिकटवत. त्यामुळे गंभीर चेहऱ्याच्या सर्जनच्या पाठीवर चक्क पत्त्यांच्या जोडावर लावायचं तिकीट सापडतं! त्यावर फोटोग्राफरनं पेनानं आपली आद्याक्षरं आणि तारीख टाकून ते रद्द केलेलं असेल, तर दिवससुद्धा हाती येतो.

पुठ्ठ्याचे कोपरेही कामाचे. युद्धकाळातले कोपरे काटकोनी, गोलसर कोपऱ्यांची टूम नंतरची.

नर्स शोधून दाखवा

डॉक्टरांसाठी निदान पट्ट्या, बटणं, तलवार. नर्ससाठी काय? काहीच नाही! उत्तरेच्या सैन्यातल्या नर्सची प्रमुख होती डोरोथिया डिक्स. तिला पस्तिशी ते पन्नाशीतल्या, साध्या चेहऱ्यामोहऱ्याच्या बायका हव्या होत्या. कपडे तपकिरी किंवा काळे. फिती नकोत, केसांची कुरळी वळणं नकोत, दागिने नकोत, आणि घेरदार सांगाड्याचे झगे तर मुळीच नकोत. ठराविक गणवेश मात्र ठरवला नाही. परिणामी त्या काळातल्या नर्सचा फोटो आणि एखाद्या शाळामास्तरीणबाईंचा फोटो शेजारी ठेवलात, तर फरक सापडणार नाही. मागे शाईनं लिहिलेली ओळ नसेल, तर एका युद्धाचा केवढा तरी भार उचललेली बाई कायमची अनोळखी राहते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणूनच नाव असलेला नर्सचा एक फोटो बिननावाच्या दहा जनरलांपेक्षा मोलाचा वाटतो.

ओळखू येतात त्या ख्रिस्ती जोगिणी. 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या भगिनींच्या डोक्यावर कडक खळीचं, दोन्ही बाजूंना पंख पसरलेलं पांढरं शिरोवस्त्र असे.

रिचमंडच्या सॅली टॉम्पकिन्सची गोष्ट तर ऐकाच. तिनं खासगी रुग्णालय काढलं. दक्षिणेच्या सरकारनं हुकूम काढला की रुग्णालयं लष्कराच्याच ताब्यात हवीत. मग राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसनं काय करावं? तिलाच घोडदळाची कॅप्टन करून टाकलं! तिच्याकडे १३३३ रुग्ण आले, दगावले फक्त ७३. त्या काळात, जंतू म्हणजे काय हे ठाऊक नसताना! स्वच्छतेचा तिचा हट्ट कामी आला, असं मानतात.

पाटलोणीतली डॉक्टरीण

मेरी एडवर्ड्स वॉकर १८५५ मध्ये सिराक्यूसमधून डॉक्टर झाली. सैन्यात सर्जनचं पद मागितलं तर मिळेना, तरी ती आघाडीवर गेली. एप्रिल १८६४ मध्ये दक्षिणेच्या सैनिकांनी तिला पकडलं, रिचमंडच्या तुरुंगात चार महिने ठेवलं आणि शेवटी आपल्या एका सर्जनच्या बदल्यात सोडलं. डॉक्टरच्या बदल्यात डॉक्टर! या अदलाबदलीचा तिला फार अभिमान होता.

नोव्हेंबर १८६५ मध्ये तिला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. हे पदक मिळवणारी ती आजवरची एकमेव स्त्री. १९१७ मध्ये सरकारनं नियम कडक करून नऊशेहून अधिक जणांची पदकं रद्द केली, त्यात तिचंही. तिनं ते काढलं नाही ते नाहीच, १९१९ मध्ये मरेपर्यंत छातीवर मिरवलं. १९७७ मध्ये ते तिला पुन्हा बहाल झालं.

संग्राहकाला यातून सोपी किल्ली मिळते. छातीवर पदक दिसतंय? मग फोटो नोव्हेंबर १८६५ नंतरचा. कोटाखाली पाटलोण मात्र तारीख सांगत नाही, ती तिनं आयुष्यभर घातली. पुरुषी कपडे घातले म्हणून तिला अटकही झाली होती.

खांद्यावरून ओरबाडलेली पट्टी

आता जरा थांबायला हवं असा फोटो. अलेक्झांडर ऑगस्टा, जन्म १८२५, व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा. कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद, तेव्हा टोरोंटोला जाऊन डॉक्टर झाला. १८६३ च्या जानेवारीत त्यानं थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनला पत्र लिहून सेवा देऊ केली. आधी नकार आला. तो स्वतः वॉशिंग्टनला पोचला, परीक्षा दिली, पास झाला आणि मेजर दर्जाचा सर्जन म्हणून नेमला गेला. अमेरिकी सैन्यातला हा पहिला कृष्णवर्णीय वैद्यकीय अधिकारी.

१ मे १८६३ ला तो गणवेशात बाल्टिमोरला आगगाडीत बसला. जमाव डब्यात घुसला आणि त्याच्या खांद्यावरची पट्टी ओरबाडून काढली. तो गप्प बसला नाही. शिपायांचं संरक्षण घेऊन परत फिरला, हल्लेखोरांना अटक करवली आणि मगच पुढचा प्रवास केला. पुढे पगारवाटपाच्या वेळी मेजरच्या हातावर कृष्णवर्णीय शिपायाचे महिना सात डॉलर ठेवले गेले. त्यानं ते नाकारले, सिनेटरला पत्र लिहिलं, पूर्ण पगार वसूल केला. हाताखालच्या गोऱ्या असिस्टंट सर्जननी लिंकनकडे तक्रार केली, की कृष्णवर्णीयाच्या हुकमतीत आम्ही काम कसं करायचं?

त्याचा गणवेशातला फोटो बघताना हे सगळं माहीत असलं, की नजर आपोआप खांद्यावर जाते. तिथे ओकच्या पानांची पट्टी आहे, जागच्या जागी. १८९० मध्ये तो वारला, आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरला गेला. तिथे पुरलेला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी तोच.

त्याचा टोरोंटोतला शिष्य अँडरसन अ‍ॅबट यानंही कंत्राटी सर्जन म्हणून काम केलं. लिंकनची हत्या झाल्यावर मेरी लिंकननं नवऱ्याची चौकड्यांची शाल या अ‍ॅबटला भेट दिली.

लाल पेन्सिल

वॉशिंग्टनच्या हेअरवुड रुग्णालयातले सर्जन रीड बोंटेकू कॅमेऱ्याचेही शौकीन. जखमी सैनिकांचे सीडीव्ही काढायचे आणि त्यावर लाल पेन्सिलनं रेघ ओढायची : गोळी इथून शिरली, इथून बाहेर पडली. शिकाऊ डॉक्टरांना पाठ मिळाला, आणि पुढे निवृत्तिवेतन मागताना सैनिकाकडे पुरावा. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टॅन्ली बर्न्स १९७५ पासून वैद्यकीय फोटो जमवतायत. त्यांच्या दहा लाखांवर फोटोंच्या संग्रहात बोंटेकूंचं काम मानाचं आहे.

त्याच काळात सैन्याचं वैद्यकीय संग्रहालय निघालं, १८६२ मध्ये. जनरल डॅन सिकल्सचा पाय गेटिसबर्गच्या लढाईत तोफगोळ्यानं गेला, त्यानं तो पेटीत घालून, सोबत आपलं भेटकार्ड जोडून संग्रहालयाला पाठवला. दरवर्षी पायाला भेटायलाही यायचा म्हणे. हाडं अजून तिथेच आहेत.

एका डॉक्टरनं वाटलेले फोटो

गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै १८६३ मध्ये, एक सैनिक मृतावस्थेत सापडला. नाव नाही, पत्ता नाही. हातात फक्त काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. तो फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन बोर्न्स यांच्या नजरेस पडला. जखमींच्या शुश्रूषेसाठी ते तिकडे निघाले होते. त्यांनी तो मागून घेतला आणि सीडीव्हीच्या भरपूर प्रती काढल्या. वर्तमानपत्रात तेव्हा फोटो छापता येत नसत. म्हणून शब्दांत वर्णन छापलं : थोरल्या मुलाचं जाकीट आणि मुलीचा झगा एकाच कापडाचा, वगैरे. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्युमिस्टननं ते वर्णन वाचलं. मागवलेली प्रत नोव्हेंबरात आली. मुलं तिचीच होती, फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेड. नवरा सार्जंट एमोस ह्युमिस्टन गेल्याचं तिला असं कळलं.

या प्रती विकून आलेल्या पैशातून गेटिसबर्गला सैनिकांच्या मुलांसाठी अनाथालय उभं राहिलं. फिलिंडा मुलांना घेऊन तिथेच कामाला राहिली. पण शेवट गोड नाही. मुलांना क्रूरपणे वागवल्याच्या प्रकरणानं अनाथालय बदनाम झालं, बोर्न्स यांच्यावरही पैसे खाल्ल्याचा आरोप आला आणि १८७७ मध्ये ते बंद पडलं. तीन मुलांचे ते सीडीव्ही आजही विक्रीला येतात.

मागची बाजू आधी बघा

जुने संग्राहक फोटो हातात आला की आधी उलटतात. फोटोग्राफरचा छापील पत्ता, तिकीट, सही, शाईतली एखादी ओळ. नाव मिळालं की वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेवेच्या नोंदी शोधता येतात : कधी भरती झाला, कुठे होता, कधी आजारी पडला. या युद्धात गोळीपेक्षा हगवण, विषमज्वर अशा रोगांनी जास्त माणसं नेली, आणि डॉक्टरही त्यातून सुटले नाहीत.

पण लिहिलेलं सगळंच सरळ वाचायचं नसतं. आपल्या आनंदीबाई जोशींचा १८८५ सालचा तो प्रसिद्ध फोटो आठवा, जपान आणि सीरियाच्या मैत्रिणींसोबतचा. युद्धाशी त्याचा संबंध नाही, पण त्यांचं फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय मात्र १८६१-६२ या युद्धाच्या वर्षात बंद ठेवावं लागलं होतं. फोटोखाली नावं आणि गावं लिहिली आहेत, आणि आनंदीबाईंच्या नावापुढे गाव आहे बंगालमधलं सेरामपूर! कल्याणच्या आनंदीबाई तिथल्या कशा? त्यांचे पती गोपाळराव यांची टपालखात्यातली नोकरी तिथे होती आणि अमेरिकेला निघाल्या त्या तिथूनच. ही माहिती नसेल, तर नुसत्या त्या ओळीवरून माणूस आनंदीबाईंना बंगालच्या ठरवून मोकळा होईल. सर्जनच्या फोटोमागे लिहिलेलं गावही असंच तपासून घ्यावं लागतं. ते जन्मगाव असेल, दवाखान्याचं असेल किंवा नुसतं छावणीचं.

बनावट माल भरपूर आहे. बिननावाच्या खऱ्याखुऱ्या फोटोमागे नवी शाई वापरून सर्जनचं नाव घुसडणं हा सर्रास चालणारा उद्योग. युद्धाचे प्रसंग हौसेनं उभे करणारे लोक आजही जुन्या पद्धतीनं टिनटाइप काढून घेतात, त्यातले काही जुने म्हणून बाजारात येतात. कागदी फोटो अतिनील दिव्याखाली धरा. निळसर चमकला तर सावध व्हा, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची द्रव्यं विसाव्या शतकाच्या मध्याला आली. पत्र्यावरच्या फोटोला लोहचुंबक चिकटायला हवा. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले, तर ते छापखान्याचं काम.

बघायला पैसे पडत नाहीत असाही खजिना आहे. वॉशिंग्टनजवळच्या लिलजेनक्विस्ट कुटुंबानं २०१० मध्ये सुमारे सातशे टिनटाइप आणि अँब्रोटाइप 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ला देऊन टाकले, नंतर आणखी भर घातली. ते घरबसल्या मोठे करून पाहता येतात. चेहरे जुळवणारी 'सिव्हिल वॉर फोटो स्लूथ' ही सोय २०१८ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी सुरू केली. बिननावाचा चेहरा टाकायचा, यंत्र हजारो चेहऱ्यांतून मिळतेजुळते पुढे करतं. निवड मात्र माणसानं करायची. दाढ्या त्या काळात सगळ्यांच्याच भरघोस, आणि दाढी वाढवता येते, कमी करता येते. कानाची ठेवण बदलत नाही, म्हणून मुरलेले संग्राहक आधी कान बघतात.